डॉक्टर थॉमस हॉजकिन

पायास कांटा मोडून जखम चिघळली म्हणजे एकदोन दिवसांत जांघेंत एक गांठ येते व ती दुखूं लागते. आपल्या घरांतील वडील मंडळी तिला अवधाण म्हणतात. दांत किडला किंवा घसा सुजला म्हणजे अशीच गांठ जबड्याखालीं हातास लागते. मूळ जखम बरी झाली कीं गांठहि जिरते आणि पुढें तिची आठवण कोणास राहत नाहीं. परंतु कधीं कधीं जखम नसतां व घसा दुखत नसतां गळ्यांत, काखेंत किंवा जांघेंत गांठी येतात. त्या दुखत नाहींत आणि जिरतहि नाहींत. अशा मुक्या गांठींकडे नीट लक्ष देऊन त्यांचें वेगळेपण ज्यांनीं वैद्यकशास्त्रास दाखवून दिलें, त्या एका सत्पुरुषाचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम ह्या गांठी म्हणजे काय तें समजून घेऊं. आपल्या शरीरांत रक्तवाहिन्यांखेरीज आणखी एका प्रकारच्या बारीक नळ्यांचें जाळें पसरलेलें आहे. त्यांतून लसीका नांवाचा पातळ रस वाहतो व शेवटीं रक्तास मिळतो. त्याच्या वाटेवर ठिकठिकाणीं वालाच्या दाण्यासारख्या लहान लहान ग्रंथि बसविलेल्या आहेत. वेशीवरील चौकीदार जसा आंत येणाऱ्याची चौकशी करतो, तशा ह्या लसीकाग्रंथि रोगजंतूंस वाटेंत अडवितात, आणि त्या झटापटींत स्वतः सुजतात. मनुष्याच्या शरीरांत अशा ५०० हून अधिक ग्रंथि आहेत. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ सुरू झाली, तेव्हां रोग्यांच्या ह्याच ग्रंथि सुजत. म्हणून आपल्याकडे त्या रोगास ग्रंथिक सन्निपात असें नांव पडलें.

थॉमस हॉजकिन यांचा जन्म ता. १७ ऑगस्ट १७९८ रोजीं लंडन शहरानजीक पेंटनव्हिल येथें झाला. त्यांचे वडील शिक्षकाचा व्यवसाय करीत. घराणें क्वेकर नांवाच्या ख्रिस्ती पंथाचें होतें. ह्या पंथाचे लोक साधा पोषाख करीत, शपथ घेत नसत, युद्धांत भाग घेत नसत, आणि समोर सरदार असो वा मोलकरी असो, सर्वांशीं एकाच सर्वनामानें बोलत. प्रत्येक मनुष्याच्या अंतःकरणांत देवाचा प्रकाश आहे अशी त्यांची श्रद्धा होती. जो मनुष्य असें खरोखर मानतो त्यास दुसऱ्या मनुष्याची खरेदीविक्री कशी सहन होणार? म्हणून गुलामगिरीविरुद्धच्या चळवळींत क्वेकर लोक प्रारंभापासून पुढें होते. थॉमस यांच्या मनावर हे संस्कार लहानपणींच झाले, आणि ते पुढें जन्मभर पुसले गेले नाहींत.

त्या काळीं इंग्लंडांतील ऑक्सफर्ड व केंब्रिज ह्या विद्यापीठांची पदवी मिळविण्यास राजमान्य चर्चचीं मतें मान्य असल्याचें लिहून द्यावें लागे. क्वेकर तरुणास तें शक्य नव्हतें. थॉमस यांनीं प्रथम औषधें तयार करणाऱ्याजवळ उमेदवारी केली, नंतर लंडनमधील गाईज हॉस्पिटलमध्यें कांहीं काळ शिक्षण घेतलें, आणि मग ते स्कॉटलंडांतील एडिंबरो विद्यापीठांत गेले. मध्यंतरीं ते पॅरिस येथेंहि राहिले. तेथें लेनेक नांवाच्या प्रसिद्ध वैद्यानें थोड्याच वर्षांपूर्वीं, १८१६ सालीं, छातींतील आवाज ऐकण्याची नळी तयार केली होती. आज प्रत्येक डॉक्टरच्या गळ्यांत दिसणाऱ्या स्टेथोस्कोपचें तें मूळ रूप होय. हॉजकिन यांनीं ती विद्या साक्षात् लेनेक यांजकडून शिकून घेतली, व १८२२ सालीं लंडनच्या आपल्या सहाध्यायांस तिची ओळख करून दिली. १८२३ सालीं त्यांस एडिंबरो येथें एम्. डी. ही पदवी मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय, शरीर रसांचें शोषण कसें करतें, हा होता. म्हणजे ज्या नळ्यांचें व ग्रंथींचें वर्णन वर केलें आहे, त्यांकडे त्यांचें लक्ष विद्यार्थिदशेंतच वेधलें होतें.

१८२५ सालीं गाईज हॉस्पिटलनें आपलें स्वतंत्र वैद्यकीय विद्यालय काढलें. त्याच सुमारास हॉजकिन यांची तेथें नेमणूक झाली. त्यांचें काम दोन प्रकारचें होतें. रुग्णालयांत जे लोक मृत्यु पावत त्यांचें शवपरीक्षण करावयाचें, आणि त्यांत रोगानें विकृत झालेले जे अवयव आढळत ते मद्यार्कांत घालून, त्यांवर चिठ्ठ्या लावून संग्रहालयांत मांडून ठेवावयाचे. हें काम दिमाखाचें नव्हे. दुर्गंधि पुष्कळ, कीर्ति थोडी, आणि निष्काळजीपणा झाल्यास स्वतःच्या जिवास धोका. परंतु हॉजकिन यांनीं तें मनापासून केलें. प्रत्येक बरणीवर क्रमांक, प्रत्येक क्रमांकास टिपणवहींत जागा, आणि त्या जागीं त्या रोग्यास जिवंतपणीं काय होत होतें याची हकीकत. रोग्याचें दुखणें व मृत्यूनंतर दिसलेला अवयव यांची सांगड घातल्यावांचून बरणी निरुपयोगी आहे, हें त्यांस पक्कें ठाऊक होतें. १८२९ सालीं त्यांनीं ह्या संग्रहाची सूचि छापून प्रसिद्ध केली.

याच वर्षांत त्यांनीं आणखीहि महत्त्वाचीं कामें केलीं. १८२७ सालीं जोसेफ जॅक्सन लिस्टर या गृहस्थांबरोबर त्यांनीं सुधारलेल्या सूक्ष्मदर्शक यंत्रांतून रक्त तपासलें, आणि रक्तांतील तांबड्या कणांचा आकार गोळीसारखा नसून दोन्ही बाजूंस खोलगट अशा चकतीसारखा आहे हें दाखविलें. शस्त्रक्रियेंत जंतुनाशक औषधांचा वापर सुरू करणारे लॉर्ड लिस्टर ते याच लिस्टर गृहस्थांचे चिरंजीव होत. हृदयाच्या महारोहिणीची झडप नीट न मिटल्यामुळें रक्त उलट फिरतें, या विकाराचेंहि वर्णन हॉजकिन यांनीं त्याच सुमारास केलें.

आतां ज्या कामामुळें त्यांचें नांव अमर झालें त्याकडे वळूं. शवपरीक्षण करतांना त्यांस कांहीं रोगी असे आढळले कीं, त्यांच्या गळ्यांतील, छातींतील व पोटांतील लसीकाग्रंथि माळेसारख्या एकापुढें एक वाढलेल्या होत्या, आणि बहुतेकांची प्लीहाहि मोठी झाली होती. पहिला रोगी सुमारें नऊ वर्षांचा एक मुलगा होता. अशा ग्रंथि पाहिल्या कीं त्या काळचे वैद्य कोठें तरी दाह झाला असेल किंवा क्षयाची बाधा असेल असें म्हणून पुढें जात. हॉजकिन पुढें गेले नाहींत. त्यांनीं जवळपासचे सर्व अवयव तपासले. दाह कोठें आहे काय, क्षयाच्या खुणा आहेत काय, हें पाहिलें. तसें कारण मिळेना. तेव्हां दुसऱ्या रोगाची ही छाया नसून हा मूळचा ग्रंथींचाच रोग असावा, अशा निर्णयास ते आले. अशा सात रोग्यांची हकीकत त्यांनीं १८३२ च्या जानेवारींत लंडन येथील एका वैद्यकीय सभेपुढें निबंधरूपानें मांडली. त्यांतील सातवा रोगी त्यांनीं प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. रॉबर्ट कार्सवेल नांवाच्या त्यांच्या वैद्यमित्रानें काढलेल्या रंगीत चित्रावरून त्यांनीं तो रोग ओळखला, आणि निबंधांत तसें प्रामाणिकपणें लिहिलें. निबंध छापला गेला, पण पुढें कित्येक वर्षें त्याची कोणी फारशी दखल घेतली नाहीं.

हॉजकिन यांचें लक्ष केवळ बरण्यांत गुंतलें होतें असें मात्र नाहीं. लंडनच्या पूर्व भागांतील कामकरी लोकांसाठीं त्यांनीं आरोग्यावर व्याख्यानें दिलीं. स्वच्छ हवा, स्नान, अन्न, व्यायाम व दारूपासून होणारी हानि हे त्यांचे विषय असत. तीं व्याख्यानें १८३५ सालीं पुस्तकरूपानें निघालीं. गरिबांकडून शुल्क मागावयाचें त्यांच्या जिवावर येई, त्यामुळें त्यांचा खासगी धंदा कधीं भरभराटला नाहीं. १८३६ सालीं लंडनच्या वैद्यांच्या राजमान्य महाविद्यालयानें देऊं केलेला मानाचा दर्जाहि त्यांनीं घेतला नाहीं. कारण तो एरव्हीं ऑक्सफर्ड व केंब्रिजच्या पदवीधरांसच राखून ठेवलेला होता, आणि इतरांस बंद असलेल्या दारांतून एकट्यानेंच आंत जाणें त्यांस रुचलें नाहीं.

पुढील वर्षीं त्यांच्यावर खऱ्या कसोटीचा प्रसंग आला. गाईज हॉस्पिटलमध्यें सहायक वैद्याची जागा रिकामी झाली होती. बारा वर्षांच्या सेवेमुळें व विद्वत्तेमुळें ती हॉजकिन यांस मिळावी हें स्वाभाविक होतें. परंतु हॉस्पिटलची सर्व सत्ता तेथील कोषाध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांच्या हातीं होती. हे हॅरिसन हडसन्स बे कंपनी नांवाच्या व्यापारी मंडळीचेहि एक मोठे अधिकारी होते. ही कंपनी उत्तर अमेरिकेच्या थंड प्रदेशांत मूळ रहिवाशांकडून जनावरांचीं कातडीं घेऊन व्यापार करीत असे. त्या व्यापारापायीं मूळ रहिवाशांची कशी दुर्दशा होत आहे याची माहिती हॉजकिन यांच्या हातीं आली होती. ज्याच्या मर्जीवर आपली बढती अवलंबून आहे, त्याच मनुष्यापुढें त्याच्याच कंपनीचा दोष मांडावा कीं गप्प बसावें? व्यवहारी मनुष्यानें काय केलें असतें तें सांगावयास नको. हॉजकिन यांनीं ती माहिती हॅरिसन यांच्यापुढें मांडली. १८३७ सालीं ती जागा दुसऱ्यास देण्यांत आली, आणि हॉजकिन यांनीं हॉस्पिटलची नोकरी सोडली. या निवडीस इतरहि कारणें असूं शकतील. तथापि हा स्पष्टपणा त्यांस भोंवला असेंच त्यांचे चरित्रकार मानतात. ज्या संग्रहालयांतील बरण्या त्यांनीं आपल्या हातांनीं भरल्या होत्या, त्याचें दार असें त्यांच्यामागें बंद झालें. त्या वेळीं त्यांनीं चाळिशीहि गांठली नव्हती.

नोकरी गेली, पण कार्य गेलें नाहीं. त्याच वर्षीं, म्हणजे १८३७ सालीं, त्यांनीं कांहीं समविचारी गृहस्थांच्या साह्यानें मूळ रहिवाशांच्या संरक्षणाकरितां एक संस्था स्थापन केली. आफ्रिका, अमेरिका, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील ज्या लोकांच्या जमिनी इंग्रज वसाहतवाले बळकावीत होते, त्यांची बाजू पार्लमेंटपुढें व लोकांपुढें मांडणें हा तिचा हेतु होता. सर्व मनुष्यजाति एकाच रक्ताची आहे हें तिचें मूलतत्त्व होतें. हॉजकिन यांनीं जवळ जवळ तीस वर्षें तिच्यासाठीं पत्रें लिहिलीं, माहिती गोळा केली व अर्ज खरडले. ही संस्था १९०९ सालीं गुलामगिरीविरोधी संस्थेंत विलीन झाली, आणि ती एकत्रित संस्था आजहि काम करीत आहे. येथें एक गोष्ट लपवून ठेवणें योग्य होणार नाहीं. अमेरिकेंतील मुक्त झालेल्या काळ्या लोकांनीं आफ्रिकेंत लायबेरिया येथें जाऊन वसाहत करावी, या योजनेचा हॉजकिन यांनीं पुरस्कार केला. आपली जन्मभूमि आपण कां सोडावी, असें विचारणाऱ्या काळ्या लोकांस व गुलामगिरीच्या अनेक विरोधकांस ती योजना मान्य नव्हती, आणि त्यांचें म्हणणें न्याय्य होतें. सद्धेतूनें काम करणारा मनुष्यहि, ज्यांच्याकरितां काम करावयाचें त्यांचें म्हणणें पुरतें न ऐकल्यास चुकतो, हें यावरून दिसतें.

१८५० सालीं त्यांचा विवाह झाला. उतारवयांत सर मोझेस माँटेफिओरी या ज्यू दानशूर गृहस्थांचे ते वैद्य व प्रवासांतील सोबती झाले. एक निष्ठावंत क्वेकर व दुसरा निष्ठावंत यहुदी. धर्म वेगळे, परंतु पीडितांस साह्य करण्याची तळमळ एकच. १८६३ सालीं हे दोघे तेथील यहुदी लोकांवरील जुलूम दूर व्हावा म्हणून मोरोक्को देशास गेले. १८६६ सालीं ते पॅलेस्टाईन देशाकडे निघाले. तेथें टोळधाड व पटकी यांमुळें लोकांचे फार हाल झाले होते. जाफा बंदरीं पोंचल्यावर हॉजकिन आमांशानें आजारी पडले, आणि एप्रिल १८६६ च्या आरंभीं तेथेंच त्यांनीं देह ठेवला. जाफा म्हणजे पवित्र शास्त्रांतील यापो. विधवांसाठीं वस्त्रें शिवणाऱ्या टबीथेचें गांव. त्याच भूमींत त्यांस पुरण्यांत आलें. माँटेफिओरी यांनीं आपल्या मित्राच्या थडग्यावर एक दगडी स्तंभ उभारला. तो तेथें आहे.

मृत्यूच्या एकच वर्ष आधीं त्यांच्या जुन्या निबंधास न्याय मिळाला. गाईज हॉस्पिटलमधील डॉक्टर सॅम्युएल विल्क्स यांस तोच रोग स्वतंत्रपणें आढळला होता. आपल्यापूर्वीं हॉजकिन यांनीं तो वर्णिला आहे असें समजतांच, स्वतःचें नांव पुढें न करतां, त्यांनीं १८६५ सालीं त्यास हॉजकिनचा रोग असें नांव दिलें. पुढें १८९८ सालीं व्हिएन्ना येथील स्टर्नबर्ग यांनीं व १९०२ सालीं अमेरिकेंतील डोरोथी रीड या विदुषींनीं त्या रोगांतील विशिष्ट मोठ्या पेशींचें सविस्तर वर्णन केलें. मग १९२६ सालीं हॉजकिन यांनीं ठेवलेल्या जुन्या बरण्यांतील अवयव सूक्ष्मदर्शकाखालीं तपासण्यांत आले. सुमारें शंभर वर्षें लोटलीं होतीं, तरी त्यांपैकीं कांहींमध्यें त्याच पेशी दिसल्या. केवळ डोळ्यांनीं पाहून केलेलें तें निदान खरें ठरलें. हा रोग म्हणजे लसीकाग्रंथींचा एक कर्करोग होय. हॉजकिन यांच्या काळीं त्यावर इलाज नव्हता. आज औषधें व किरणोपचार यांमुळें त्याचे बहुतेक रोगी बरे होतात.

ज्या ग्रंथि पाहण्यास हॉजकिन यांस रोग्याच्या मृत्यूची वाट पाहावी लागली, त्या आतां जिवंत मनुष्यांत पाहतां येतात. १९७१ सालीं लंडन येथें सी. टी. स्कॅन यंत्रानें प्रथमच एका रोग्याच्या मेंदूचें चित्र घेण्यांत आलें. हें यंत्र क्ष-किरणांच्या साह्यानें शरीराचे, काकडीच्या चकत्यांप्रमाणें, शेंकडों पातळ काप चित्रांत दाखवितें. परंतु त्यांत लसीकाग्रंथि हुडकणें सोपें नसतें. ती करड्या रंगाचा लहानसा ठिपका दिसते, आणि शेजारची रक्तवाहिनी किंवा आंतड्याचें वेटोळें हींहि तशींच दिसतात. साधारणपणें ग्रंथीची आंखूड बाजू १० मिलिमीटरपेक्षां अधिक भरली म्हणजे ती वाढली असें धरतात. म्हणजे शेंकडों चित्रांत वाटाण्याएवढी वस्तु शोधावयाची. थकलेल्या डोळ्यांतून ती सहज निसटते.

या कामीं अलीकडे गणकयंत्राची मदत घेऊं लागले आहेत. त्या विद्येस डीप लर्निंग, म्हणजे खोल शिक्षण, असें नांव आहे. कारण तींत गणिताचे अनेक थर एकाखालीं एक रचलेले असतात. यंत्रास आरंभीं कांहींच येत नसतें. त्यास चित्राचा एक तुकडा दाखवितात. ही ग्रंथि आहे किंवा नाहीं याचें तें उत्तर देतें. जाणत्या वैद्याचें उत्तर त्याशेजारीं ठेवून, जितकी चूक असेल तितका त्याच्या आंतील असंख्य आंकड्यांत किंचित् फेरफार करतात. असें हजारों वेळां केल्यावर त्याचा अंदाज सुधारतो. अमेरिकेंतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनीं २०१४ सालीं असा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यासाठीं ९० रोग्यांच्या छातींतील ३८८ व ८६ रोग्यांच्या पोटांतील ५९५ ग्रंथि जाणत्या लोकांनीं चित्रांत खुणा करून ठेवल्या होत्या. प्रत्येक रोग्यामागें तीन खोट्या सूचना चालवून घेतल्या, तर त्या यंत्रानें छातींतील १०० पैकीं ७० व पोटांतील १०० पैकीं ८३ ग्रंथि बरोबर दाखविल्या. पूर्वींच्या यंत्रांहून ही प्रगति मोठी होती. तरी राहिलेल्या ३० व १७ ग्रंथि निसटल्याच. त्यानंतर या विद्येंत पुष्कळ सुधारणा झाली आहे, परंतु शेवटचा निर्णय वैद्यानेंच करावा लागतो.

विचार केल्यास दिसेल कीं, चित्रांवरील त्या खुणा म्हणजे हॉजकिन यांच्या बरण्यांवरील चिठ्ठ्याच होत. चिठ्ठी चुकीची असेल तर यंत्रहि चुकीचें शिकेल. शिवाय यंत्र जीं शरीरें पाहतें तेवढींच त्यास कळतात. एका रुग्णालयांतील रोग्यांवर शिकलेलें यंत्र दुसऱ्या देशांतील रोग्यांविषयीं चुकण्याचा संभव असतो. म्हणून ज्यांच्याकडे कोणी पाहत नाहीं, ज्यांची कोणी नोंद करीत नाहीं, त्यांचीहि चित्रें त्या संग्रहांत असलीं पाहिजेत. हॉजकिन यांनीं एकीकडे न दुखणाऱ्या गांठींची नोंद केली व दुसरीकडे दूर देशांतील मुक्या लोकांच्या दुःखाची नोंद केली. पुष्कळांस हीं दोन निराळीं कामें वाटलीं. त्यांस स्वतःस तसें वाटलें असेल असें मला वाटत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांपैकीं कोणी डॉक्टर होतील, कोणी परिचारिका होतील, आणि कोणी अशीं यंत्रें घडवितील. जें डोळ्यांस दिसलें तें तसेंच लिहिणें, दुसऱ्याचें श्रेय दुसऱ्यास देणें, आणि खरें बोलल्यानें मिळत असलेली जागा गेली तरी खरें बोलणें, हे तीन धडे त्यांनीं हॉजकिन यांजपासून घ्यावेत. पालकांसहि एक विनंति आहे. मुलाच्या गळ्यांत किंवा काखेंत गांठ दिसली कीं घाबरून जाऊं नये. बहुतेक गांठी साध्या असतात. परंतु दोनतीन आठवड्यांत जी जिरत नाहीं, किंवा वाढत जाते, ती दुखत नाहीं म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करूं नये. ती डॉक्टरांस दाखवावी. आपल्या देशांत अशी गांठ पुष्कळदां क्षयाची असते, आणि पूर्ण औषध घेतल्यास तोहि बरा होतो. हॉजकिन यांच्या टिपणवहींतील त्या नऊ वर्षांच्या मुलास हें भाग्य लाभलें नाहीं. आपल्या मुलांस तें लाभूं शकतें.